अपत्याची वाट पाहणाऱ्या दांपत्यांस

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या विवाहित दांपत्यांच्या सभेंत धर्मगुरूंनीं दिलेलें व्याख्यान)



ह्या महोत्सवासाठीं आंकडे जमविण्याचें काम माझ्याकडे आलें, तेव्हां गेल्या महिन्यांत मी आपल्या धर्मग्रामाचीं जुनीं दप्तरें उघडून बसलों. बाप्तिस्म्याची वही, विवाहाची वही, मृत्यूची वही. पन्नास वर्षांचा संसार त्यांत नीट लिहून ठेवलेला आहे. परंतु विवाहाच्या वहीवरून बाप्तिस्म्याच्या वहीकडे नजर फिरवितां फिरवितां एक गोष्ट माझ्या ध्यानांत आली. कांहीं जोडप्यांचीं नांवें पहिल्या वहींत आहेत; पण आईबाप म्हणून तीं दुसऱ्या वहींत कोठेंच येत नाहींत. त्यांतलीं कांहीं गांव सोडून गेलीं असतील. कांहीं मात्र आजही दर रविवारीं ह्याच मंदिरांत, ह्याच बांकांवर बसतात. त्यांनीं किती वर्षें वाट पाहिली ह्याची नोंद करण्यास आमच्या एकाही वहींत रकाना नाहीं.

आज मी त्यांच्यासाठीं बोलणार आहें. ज्यांचीं घरें मुलांनीं भरलेलीं आहेत त्यांनींही ऐकावें अशी माझी विनंति आहे. कारण ह्या दुःखाचा अर्धा भाग देहाचा असला, तर उरलेला अर्धा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जिभेचा असतो.

विषय नाजूक आहे हें मी जाणतों. मासिक पाळी, शरीराचें वजन, व्यायाम हे शब्द धर्मगुरूच्या तोंडीं कित्येकांस विचित्र वाटतील. परंतु देह परमेश्वरानें निर्मिला आहे, आणि जें निर्माण करण्यास त्याला लाज वाटली नाहीं, तें समजून घेण्यास आपणांस कां वाटावी?

शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथांतील हन्नेची कथा तुम्हांस ठाऊक आहे. तिला मूल नव्हतें. तिची सवत पनिन्ना लेकुरवाळी होती आणि वर्षानुवर्षें तिला टोंचून बोलत असे. पति एलकाना तिच्यावर प्रेम करी, पण तिचें रडणें त्याला उमजत नसे. एके दिवशीं शिलो येथील मंदिरांत ती मनांतल्या मनांत प्रार्थना करीत होती. ओंठ हालत होते, शब्द ऐकूं येत नव्हता. तेथें एली नांवाचा याजक बसला होता. त्यानें काय केलें? ही बाई मद्य पिऊन आली आहे असें त्याला वाटलें, आणि त्यानें तिला दटावलें. तिनें आपलें दुःख सांगितल्यावर मात्र त्यानें आपली चूक सुधारली आणि तिला आशीर्वाद देऊन निरोप दिला.

ह्या कथेवर प्रवचन करतांना आम्ही धर्मगुरु हन्नेच्या श्रद्धेविषयीं पुष्कळ बोलतों. एलीविषयीं फारसें बोलत नाहीं. एक याजक एका निपुत्रिक स्त्रीच्या समोर बसला होता आणि त्याला तिचें दुःख ओळखूं आलें नाहीं, ही गोष्ट आम्हांस अडचणीची वाटते. मला तर ती फारच अडचणीची वाटते. कारण मीही एकदां एली झालों होतों.

सुमारें वीस वर्षांपूर्वींची ही गोष्ट. त्या वेळीं मी दुसऱ्या एका धर्मग्रामांत होतों. तेथील एक सुशील दांपत्य माझ्याकडे आलें. लग्नाला चार वर्षें झालीं होतीं आणि घरांत पाळणा हालला नव्हता. मी त्यांस सांगितलें, धीर धरा, रोज रोझरी करा, परमेश्वराच्या घरीं उशीर असला तरी अंधार नाहीं. तीं दोघेंही भाविक होतीं. त्यांनीं माझा शब्द प्रमाण मानला. भाद्रपदाच्या दिवसांत वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेंत जाऊन त्यांनीं मेणाचें बाळ वाहिलें, आणि दर वर्षीं वाहत राहिलीं. अशीं आणखी सहा वर्षें गेलीं. घरांत सासूचें बोलणें वाढलें. शेवटीं कोणाच्या तरी आग्रहावरून तीं डॉक्टरकडे गेलीं, तेव्हां असें आढळलें कीं पत्नीची पाळी कित्येक वर्षें चाळीस-पंचेचाळीस दिवसांनीं येत होती, आणि पतीकडेही थोडा दोष होता. दोन्ही गोष्टींवर उपाय होते. परंतु आतां तिचें वय अडतीस झालें होतें. डॉक्टरांनीं प्रयत्न केले. यश आलें नाहीं.

त्यानंतर त्या गृहस्थांनीं मला एक वाक्य ऐकविलें, रागानें नव्हे, अगदीं शांतपणें. ते म्हणाले, "फादर, आपण प्रार्थना करा म्हणालांत, ती आम्हीं केली. दवाखान्यांत जा असें मात्र आपण म्हणालां नाहींत."

ह्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतें. सेमिनरींत आम्हांस तत्त्वज्ञान व नीतिशास्त्र शिकविलें होतें. विवाहितांनीं काय करावें आणि काय करूं नये हें मला पाठ होतें. परंतु ज्या देहाविषयीं हे नियम आहेत त्या देहाचें चक्र कसें चालतें, ह्याविषयीं मी अडाणी होतों. त्या दिवसापासून मी डॉक्टर मित्रांकडे बसून जें थोडेंबहुत शिकलों, तें आज तुमच्यापुढें ठेवतों. मी वैद्य नव्हे. औषध सांगणें माझें काम नाहीं. परंतु वैद्याकडे केव्हां जावें, आणि तोंवर काय जाणून असावें, एवढें सांगणें मी माझें कर्तव्य समजतों.

पहिली गोष्ट ऋतुचक्राची

पाळी सुरू झाल्याच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या आदल्या दिवसापर्यंत जे दिवस होतात, तें एक चक्र. तें अठ्ठावीस दिवसांचेंच असलें पाहिजे असा समज आहे. तो खरा नाहीं. २०१९ सालीं सहा लक्षांहून अधिक चक्रांच्या नोंदींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यांत सरासरी २९.३ दिवसांची निघाली. आणि नेमकें अठ्ठावीस दिवसांचें चक्र तर थोड्याच स्त्रियांचें होतें. प्रौढ स्त्रींत साधारणपणें एकवीस ते पस्तीस दिवसांचें चक्र असल्यास चिंता करण्याचें कारण नाहीं.

मात्र चक्राची लांबी एका कारणानें फार महत्त्वाची आहे. दर महिन्यास अंडाशयांतून एक स्त्रीबीज बाहेर पडतें. तें केव्हां पडतें, ह्याविषयीं एकोणिसाव्या शतकांत यूरोपांतील नामांकित डॉक्टरांचाही घोटाळा होता. पाळीच्या सुमारासच गर्भ राहतो असें ते शिकवीत, म्हणजे बरोबर उलट! हा घोटाळा दोघां डॉक्टरांनीं दूर केला. जपानांत निइगाता शहरीं क्यूसाकू ओगिनो ह्यांनीं १९२४ सालीं, आणि ऑस्ट्रियांतील हर्मान क्नाउस ह्यांनीं १९२८ सालीं, एकमेकांशीं संबंध नसतां, असें दाखविलें कीं बीज पडण्याचा दिवस मागील पाळीपासून मोजावयाचा नसून पुढील पाळीपासून उलटा मोजावयाचा असतो. पुढील पाळीच्या सुमारें दोन आठवडे आधीं, कोणाचें दोन-तीन दिवस अलीकडे, कोणाचें पलीकडे, बीज बाहेर पडतें. चक्र लांबतें किंवा आंखडतें तें बहुधा पूर्वार्धांत. उत्तरार्ध त्या मानानें स्थिर असतो.

ह्याचा अर्थ हिशेबानें पाहा. ज्या भगिनीचें चक्र अठ्ठावीस दिवसांचें, तिचें बीज चौदाव्या दिवसाच्या सुमारास पडेल. जिचें चोवीस दिवसांचें, तिचें दहाव्या दिवसाच्या सुमारास. जिचें पस्तीस दिवसांचें, तिचें एकविसाव्या दिवसाच्या सुमारास. आतां मैत्रिणीनें "चौदावा दिवस" सांगितला म्हणून पस्तीस दिवसांचें चक्र असलेल्या स्त्रीनें तोच दिवस धरून ठेवला, तर तिची वेळ येण्यापूर्वींच तिची आशा संपून जाते, आणि दोष मात्र नशिबाच्या माथीं बसतो.

स्त्रीबीज बाहेर पडल्यावर एक दिवसाहून अधिक टिकत नाहीं. पुरुषबीज मात्र अनुकूल स्थितींत पांच दिवसांपर्यंत जगूं शकतें. म्हणून बीज पडण्याचा दिवस व त्याच्या आधींचे पांच दिवस, असे चक्रांतले सहा दिवस काय ते फलदायी. अमेरिकेंत नॉर्थ कॅरोलायना येथें २२१ स्त्रियांच्या रोजच्या नोंदींवरून हेंच सिद्ध झालें. तो अभ्यास १९९५ सालीं प्रसिद्ध झाला. त्या सहा दिवसांनंतरच्या समागमानें एकही गर्भधारणा त्यांत आढळली नाहीं. ह्या दिवसांत पतिपत्नींनीं रोज किंवा एक दिवसाआड एकत्र यावें, एवढें पुरे. घड्याळ लावून संसार करावयास नको.

पण हे दिवस ओळखावे कसे? केवळ पंचांगाच्या हिशेबानें तें नक्की सांगतां येत नाहीं. कारण पुढची पाळी केव्हां येणार हें आधीं कोणास ठाऊक असतें? परमेश्वरानें देहांतच खुणा ठेवल्या आहेत. बीज पडण्याची वेळ जवळ येते तसा योनिमार्गांतील स्राव पातळ, निसरडा, कच्च्या अंड्याच्या बलकाभोंवतीं असतो तसा पारदर्शक व ताणला जाणारा होतो. ही खूण मेलबोर्नच्या डॉक्टर जॉन बिलिंग्ज ह्यांनीं १९५३ पासून अभ्यासिली. पुढें त्यांच्या पत्नी डॉक्टर एव्हलिन ह्याही त्या कार्यांत पडल्या. हें दांपत्य आपल्याच धर्माचें होतें. दुसरी खूण देहाच्या उष्णतेची. सकाळीं अंथरुणांतून उठण्यापूर्वीं रोज ज्वरमापक लावल्यास, बीज पडल्यानंतर पारा थोडासा, कांहीं दशांश अंश, वर चढून पुढील पाळीपर्यंत तसाच राहिलेला दिसतो. ही खूण बीज पडून गेल्यावर कळते, म्हणून त्याच महिन्यास तिचा उपयोग थोडा. पण तीन-चार महिन्यांची वही ठेवली तर आपलें चक्र कसें आहे हें समजतें आणि डॉक्टरांसही ती वही उपयोगी पडते. ह्या पद्धतीस व्यवहारांत आणणाऱ्यांपैकीं विल्हेल्म हिलेब्रांड हे जर्मनींतील एक कॅथोलिक धर्मगुरु होते. तेव्हां ह्या विषयावर बोलणारा मी पहिलाच धर्मगुरु नव्हे, एवढा मला आधार आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवा. निरोगी व तरुण दांपत्यासही एका महिन्यांत गर्भ राहण्याचा संभव चारांत किंवा पांचांत एक एवढाच असतो. वर्षभरांत मात्र शंभरांपैकीं ऐंशींहून अधिक जोडप्यांस यश येतें. म्हणून लग्नाला चार महिने झाले नाहींत तोंच "कांहीं गोड बातमी?" असें विचारणाऱ्या मावश्यांनीं जरा दम धरावा.

दुसरी गोष्ट वजनाची

वजन पाहण्याचें एक सोपें माप आहे. वजन किलोग्रॅममध्यें घ्यावें आणि उंची मीटरमध्यें मोजून तिच्या वर्गानें त्यास भागावें. उत्तर साडेअठराच्या खालीं आलें तर वजन कमी. आपणां भारतीयांच्या प्रकृतीस तेविसाच्या वर गेलें तर जास्त. दीड मीटर उंचीच्या स्त्रीचा हिशेब केला, तर बेचाळीस किलोच्या खालीं तिचें वजन कमी आणि बावन्नच्या वर जास्त ठरेल.

वजन वाढलें म्हणजे केवळ चालतांना धाप लागते असें नाहीं. चरबी ही निर्जीव गोणी नव्हे. ती स्वतः कांहीं रस निर्माण करते आणि शरीरांतील रसांचें संतुलन बिघडविते. रक्तांत इन्सुलिन वाढतें, त्यामुळें अंडाशयांत पुरुषी रस अधिक उत्पन्न होतात आणि बीज वेळेवर पक्व होत नाहीं. मग पाळी लांबते, कधीं दोन-दोन महिने येतच नाहीं. कित्येक मुलींत हा विकार उपजत प्रवृत्तीचा असतो. त्यास पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम म्हणतात. शिकागोच्या स्टाइन व लेव्हेंथाल ह्या दोन डॉक्टरांनीं १९३५ सालीं त्याचें वर्णन केलें. तो सडपातळ स्त्रियांसही होतो, म्हणून कोणाच्या देहाकडे पाहून निदान करूं नये. परंतु वजन जास्त असेल तर तें थोडें उतरवूनही पुष्कळ फरक पडतो. शंभरास पांच ते दहा एवढें उतरलें तरी अनेकींची पाळी आपोआप रुळावर येते. पासष्ट किलोच्या स्त्रीनें सव्वातीन ते साडेसहा किलो कमी करणें, ही कांहीं अशक्य गोष्ट नव्हे.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. अन्न अपुरें पडलें म्हणजे देह म्हणतो, आधीं मी जगतों, मूल नंतर. मेंदूकडून अंडाशयास जाणारी आज्ञा मंदावते आणि पाळी बंद पडते. दुसऱ्या महायुद्धांत १९४४-४५ च्या हिंवाळ्यांत हॉलंडच्या पश्चिम भागांत भीषण दुष्काळ पडला. असंख्य स्त्रियांची पाळी थांबली आणि नऊ महिन्यांनंतर तेथील जन्मसंख्या एकदम खालीं आली. अन्न मिळूं लागल्यावर ती पुन्हां वर चढली. आज आपल्याकडे असा दुष्काळ नाहीं. परंतु लग्नाच्या फोटोंत बारीक दिसावें म्हणून महिनेच्या महिने अर्धपोटीं राहणाऱ्या मुली मी पाहतों. त्यांच्या देहाला दुष्काळ आणि हौस ह्यांतला भेद कळत नाहीं.

येथें उपासाविषयींही एक शब्द सांगतों. ख्रिस्तसभेचा उपासाचा नियम देह मोडण्यासाठीं नाहीं; आजारी माणसांस व गरोदर स्त्रियांस त्यांतून सूट आहे. जी भगिनी अशक्त आहे, जिचें वजन घटलें आहे, तिनें अपत्यासाठीं म्हणून कडक उपास आरंभूं नयेत. तिनें मजपाशीं यावें. मी तिला दुसरें तप सांगेन. रोज एक वाटी डाळ व एक अंडें न चुकतां खाणें, हें तिच्यासाठीं उपासापेक्षां अधिक आज्ञाधारकपणाचें आहे. गर्भाची इच्छा असलेल्या प्रत्येक स्त्रीनें डॉक्टरांस विचारून फोलिक आम्लाची गोळी आधींपासूनच सुरू करावी. ती रोज ४०० मायक्रोग्रॅमची असते आणि बाळाच्या कण्यास व मेंदूस जपते.

तिसरी गोष्ट व्यायामाची

आपल्या आजीपणजी वाडींत शिंपणें करीत, डोक्यावर भाजीची पाटी घेऊन बाजार गांठीत. त्यांना व्यायाम हा शब्दही ठाऊक नव्हता. आतां आपल्या मुली पहाटेची गाडी पकडून मुंबईस जातात, आठ-नऊ तास खुर्चीवर बसतात आणि रात्रीं थकून घरीं येतात. थकवा आहे, पण श्रम नाहींत. हा आजचा चमत्कार आहे.

व्यायामानें वजन आटोक्यांत राहतें, इन्सुलिनचें काम सुधारतें, मनही हलकें होतें. आठवड्यास एकंदर दीडशें मिनिटें भरभर चालणें, म्हणजे पांच दिवस अर्धा-अर्धा तास, हें माप डॉक्टर सांगतात. मंदिरापासून तळ्यापर्यंत जाऊन परत येणें अनेकांस तेवढें पुरेल. पतिपत्नींनीं बरोबर चालावें. रोझरीही होईल आणि दिवसभरांत न झालेलें बोलणेंही होईल.

परंतु येथेंही अतिरेक नको. डेन्मार्क देशांत अपत्याची इच्छा असलेल्या ३,६२८ स्त्रियांचा अभ्यास होऊन त्याचें फलित २०१२ सालीं प्रसिद्ध झालें. मध्यम व्यायाम करणाऱ्या सर्वच स्त्रियांस गर्भ राहण्यास किंचित् मदत झालेली दिसली. पण ज्यांचें वजन मुळांतच जास्त नव्हतें आणि ज्या आठवड्यास पांच-पांच तास किंवा अधिक कठोर व्यायाम करीत, त्यांस दिवस जाण्यास उशीर लागला. जास्त वजनाच्या स्त्रियांत असा तोटा आढळला नाहीं. तात्पर्य, स्थूल भगिनीनें व्यायामास भिऊं नये, आणि कृश भगिनीनें त्याचा हव्यास धरूं नये. ज्या धांवपटु मुलीची पाळी बंद झाली आहे, तिनें तो शक्तीचा पुरावा समजूं नये. तो देहानें काढलेला तक्रारीचा कागद आहे.

आतां पुरुषांस

आतांपर्यंत बांकांवरील पुरुषवर्ग निश्चिंत मनानें ऐकत होता. परंतु मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकीं जवळजवळ निम्म्यांत कांहीं ना कांहीं कारण पुरुषाकडेही असतें. पौरुष आहे म्हणजे बीज निर्दोषच आहे असें नाहीं. बाहेरून दिसणाऱ्या बळाचा आणि ह्याचा संबंध नाहीं. तंबाखू, बिडी-सिगारेट, अतिरिक्त मद्य, वाढलेलें पोट आणि सतत उष्णतेचें काम ह्यांनीं बीज कमजोर होतें. नवें बीज तयार होण्यास सुमारें अडीच महिने लागतात. म्हणून आज सोडलेल्या सिगारेटचें फळ तीन महिन्यांनीं दिसेल. पुरुषाची पहिली तपासणी अगदीं सोपी, स्वस्त आणि वेदनारहित असते. असें असतां आपल्याकडे काय होतें? पत्नीच्या सर्व तपासण्या होतात, सुया टोंचल्या जातात, पोटाची शस्त्रक्रियाही होते, आणि पतिराज "मला काय झालें आहे?" म्हणून घरींच बसतात. विवाहाच्या दिवशीं वेदीसमोर सुखदुःखांत साथ देण्याचें जें वचन तुम्हीं दिलें, त्यांत डॉक्टरच्या खोलीबाहेरचें बांकही येतें.

मग डॉक्टरांकडे केव्हां जावें? पत्नीचें वय पस्तीसच्या आंत असेल तर एक वर्ष प्रयत्न करून. पस्तीस उलटलें असेल तर सहा महिन्यांनींच. आणि पाळी पस्तीस दिवसांहून लांबत असेल, एकवीस दिवसांच्या आंत येत असेल, तीन महिने बंद असेल, पाळींत असह्य वेदना होत असतील, किंवा पूर्वीं क्षयरोग झाला असेल, तर एक दिवसही न थांबतां. आपल्या देशांत क्षयानें गर्भनलिका बंद झाल्याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत. थायरॉइडचा दोष तर साध्या रक्ततपासणीनें कळतो आणि गोळीनें आवरतो. जातांना दोघांनीं जावें. एकट्या पत्नीस सासूबरोबर धाडूं नये.

ख्रिस्तसभा ह्याविषयीं काय म्हणते, हेंही तुम्हांस विचारावेंसें वाटेल. पोप सहावे पॉल ह्यांनीं १९६८ सालच्या 'हुमाने विते' ह्या परिपत्रकांत शास्त्रज्ञांस नैसर्गिक ऋतुचक्राचा अभ्यास पुढें नेण्याची विनंति केली आहे. १९८७ सालच्या 'दोनुम विते' ह्या शिकवणपत्रानें स्पष्ट केलें कीं पतिपत्नींच्या मीलनास साह्य करणारे उपचार योग्य आहेत. परंतु त्या मीलनाची जागा घेणारे, प्रयोगशाळेंत गर्भ निर्माण करणारे उपाय ख्रिस्तसभा मान्य करीत नाहीं. मूल हें देणगी आहे, हक्काची वस्तु नव्हे, असें तिचें म्हणणें आहे. ही शिकवण दुःखी दांपत्यास कठीण वाटते, हें मी नाकारीत नाहीं. ज्यांच्या मनांत ह्याविषयीं झगडा चालू आहे त्यांनीं माझ्याकडे यावें. मी दटावणार नाहीं, ऐकेन. आणि मूल कोणत्याही मार्गानें जन्मलें असो, त्याची योग्यता तीच, त्याचा बाप्तिस्मा तोच. हेंही ख्रिस्तसभेनेंच सांगितलें आहे.

सर्व उपाय करूनही कांहीं घरांत मूल येणार नाहीं. त्या दांपत्यांस मी काय सांगूं? एवढेंच कीं तुमचा विवाह अपुरा नाहीं. विवाह संस्काराची पूर्णता पाळण्यावर अवलंबून नसते. ज्यांची इच्छा असेल त्यांस दत्तकाचा मार्ग मोकळा आहे. पूर्वीं आपणां ख्रिस्ती लोकांस कायद्यानें पालकत्व तेवढें मिळे. आतां २०१५ च्या बालन्याय कायद्यानें कोणत्याही धर्माच्या दांपत्यास केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे नांव नोंदवून रीतसर मूल दत्तक घेतां येतें, आणि तें सर्वार्थानें त्यांचें होतें. ज्या दांपत्याची हकीकत मीं आरंभीं सांगितली, त्यांनीं पुढें एक मुलगी दत्तक घेतली. तिचा बाप्तिस्मा मींच केला. त्या दिवशीं पाणी ओततांना माझा हात थरथरला, तो आनंदानें कीं अपराधानें, हें मला आजही सांगतां येत नाहीं.

शेवटीं, सासूबाईंनो, जावांनो, शेजारणींनो, तुम्हांस हात जोडून विनंति करतों. "वांझ" हा शब्द आपल्या बोलींतून काढून टाका. बाप्तिस्म्याच्या मेजवानींत मूल कोणाच्या मांडीवर द्यावें आणि कोणाच्या नाहीं, असले हिशेब सोडून द्या. पनिन्ना होऊं नका. आणि आम्ही धर्मगुरु एली होणार नाहीं, असा माझाही आज संकल्प आहे. यंदापासून विवाहपूर्व शिक्षणवर्गांत एक दिवस डॉक्टरांसाठीं राखून ठेवीत आहें. तेथें ह्या सर्व गोष्टी मजपेक्षां अधिकारवाणीनें सांगितल्या जातील. ज्या मुलीचें लग्न ठरलें आहे तिच्या आईनें तिला त्या दिवशीं घरकामांत गुंतवूं नये, आणि मुलाच्या बापानें मुलालाही धाडावें.

प्रार्थना सोडा असें मी म्हणत नाहीं. हन्नेनें प्रार्थना केली; आणि मग ती उठली, जेवली, आपल्या पतीबरोबर घरीं गेली, असें तो ग्रंथ सांगतो. प्रार्थनेनंतर उठावें लागतें, जेवावें लागतें, घरीं जावें लागतें. आणि गरज पडली तर दवाखान्यांतही जावें लागतें. ह्या सर्वांत परमेश्वर तुमच्या बरोबर चालतो.

आणखी पन्नास वर्षांनीं कोणी दुसरा धर्मगुरु हीं दप्तरें उघडून बसेल. त्या वेळींही विवाहाच्या वहींतलीं कांहीं नांवें बाप्तिस्म्याच्या वहींत सांपडणार नाहींत. परंतु त्या दांपत्यांस आम्हीं एकटें सोडलें, असें मात्र त्याला म्हणतां येऊं नये.

वृद्धपणीं पुत्र पावलेल्या अलीशिबेच्या घरीं धांवून गेलेली आपली पवित्र माता मरीया, आपल्या धर्मग्रामांतील वाट पाहणाऱ्या प्रत्येक घरीं येवो, हीच तिच्या चरणीं प्रार्थना. आमेन.